फियाटची शिंगं

पडदा वर जातो. उजव्या अंगाला पत्र्याची शेड, डाव्या अंगाला कडब्याची गंज, मागे कडुनिंब. सकाळचं तिरपं ऊन शेडमध्ये शिरलेलं आहे आणि त्या उजेडात फिकट निळ्या रंगाची एक जुनी फियाट उभी आहे, जिला तिच्या फुगीर नाकाडामुळे लोक डुक्कर फियाट म्हणतात. गाडीसमोर पाट टाकून पासष्टी ओलांडलेली एक बाई बसली आहे. पदर कमरेला खोचलेला, हातात चिंधी. ती चाकाची चकती पुसते आहे आणि पुसता पुसता गाडीशी काहीतरी बोलते आहे.

स्थळ तेलगाव, जिल्हा बीड. बाईंचं नाव मनकर्णाबाई. भागवतराव माझे मित्र, म्हणून त्यांची बायको माझी वहिनी, आणि मी तिचा भाऊजी. नाटक कंपनीची कनात कायमची गुंडाळली गेली तेव्हा मी बायकोच्या या गावात येऊन राहिलो. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या ओट्यावरून मला हाच प्रवेश दिसतो. मी आयुष्यभर टाळ्यांसाठी काम केलं. ही बाई कुणीही बघत नसताना इतकं मन लावून काम करते की, पहिल्या पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटायचा. आता नुसतं बघत बसावंसं वाटतं.

गाडी आणली ती तिच्या सासऱ्यांनी, अर्जुनरावांनी. माझी या गाडीशी ओळख वहिनीच्याही आधीची. तेलगावच्या यात्रेला आमच्या कंपनीचा खेळ असायचा. परळी स्टेशनवर उतरलं की सामान बैलगाडीत आणि मुख्य नट फियाटमध्ये. मी तेव्हा राण्यांची कामं करायचो. या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात, कपाटासारखी, मागच्या बाजूला. त्यातून उतरताना पाय आधी बाहेर येतात, मग साडीचा काठ आणि शेवटी चेहरा. तसा रुबाबदार प्रवेश मला कुठल्याही रंगमंचावर मिळाला नाही.

गाडी दारात आली त्या पहिल्याच वर्षी पोळ्याला एक गोष्ट घडली, आणि या सगळ्या कहाणीचं मूळ तिथे आहे. खांदमळणीची संध्याकाळ होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून लोणी-हळदीने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, ती ही खांदमळणी. बैलांचे खांदे चोळून झाले, तेव्हा अर्जुनरावांच्या आईचं लक्ष कोपऱ्यातल्या फियाटकडे गेलं. म्हातारी म्हणाली की, घराचं ओझं जे ओढतं त्याचे खांदे चोळायचे, मग ते चार पायांचं असो की चार चाकांचं. अर्जुनराव आईच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं आणि गाडीच्या जिथे जिथे म्हणून सांधा आहे तिथे ग्रीस भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी बैलांची शिंगं हिंगुळाच्या लाल रंगाने रंगवली गेली. फियाटच्या पुढच्या बंपरवर दोन उभे खुंट असतात. ते तिची शिंगं ठरले आणि तेही रंगले.

तेव्हापासून तोच रिवाज. खांदमळणीला ग्रीस आणि ऑइल, पोळ्याला शिंगांना रंग, बॉनेटवर झूल, पुढच्या काचेला बाशिंग. आणि एक नियम बैलांचाच. पोळ्याच्या दिवशी तिला जुंपायचं नाही, म्हणजे इंजिन चालू करायचं नाही. मिरवणुकीत ती सगळ्यात शेवटी असते आणि घरची माणसं तिला हाताने ढकलत मारुतीच्या देवळाला फेरी घालून आणतात. शेजारच्या गावांतले लोक हसायचे. पण त्यांच्या मोटारी केव्हाच भंगारात गेल्या. वर्षातून एकदा न चुकता ज्या गाडीचा सांधा न् सांधा मायेने तपासला जातो, ती लवकर म्हातारी होत नाही. हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता वहिनी ड्रायव्हर कशी झाली ते ऐका. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा जुना ड्रायव्हर काम सोडून गेला होता आणि भागवतराव गाडी शिकत होते. एके दुपारी त्यांनी ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि गाडी थेट कडब्याच्या गंजीत घातली. माणूस आणि मोटार दोन्ही कडब्याखाली. गडीमाणसं उपसायला धावली. ओसरीवर उभी असलेली नवी सून मात्र तोंडाला पदर लावून इतकी हसत होती की, तिला उभं राहवेना. अर्जुनरावांनी ते पाहिलं. सासरा सुनेवर कडाडणार असंच सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "तुला हसू येतंय ना? मंग तूच शीक आता."

त्या काळी तेलगावात बाईने मोटार चालवणं म्हणजे काय, हे मी राणीची कामं करणारा पुरुष असल्याने जरा जास्तच जाणतो. पण अर्जुनरावांपुढे बोलणार कोण? रस्त्यावर लोक बघतील म्हणून तिला खळ्यावर शिकवलं. मध्ये खांब, भोवती गाडी, जशी मळणीला बैलांची पात फिरते तशी. महिनाभर ती गोल गोल फिरली, एकाच अंगाने. क्लच, ब्रेक, स्टेअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर, सगळं पक्कं झालं. आणि पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा लक्षात आलं की, बाईला फक्त डावीकडेच वळता येतं. चौकातून उजवीकडे माजलगावच्या रस्त्याला लागायचं, तर ती तीन वेळा डावीकडे वळून, शाळेला वळसा घालून तिथे पोचायची. भागवतराव अजूनही कुणी नवा पाहुणा आला की ही गोष्ट सांगतात, आणि वहिनी दर वेळी त्यांना कडब्याची आठवण करून देते.

पुढे अर्जुनराव गेले. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला. गाडी मात्र वहिनीकडे राहिली. गाडी जुनी ठेवायची आणि तरी रोज वापरायची, हे सोपं काम नाही. त्यासाठी तिने स्वतःचे दोन नियम केले. एक म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते सासऱ्यांच्या वेळचंच राहिलं पाहिजे. आणि दुसरा, पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. जे काही नवं बसवायचं ते जुन्याच नटाबोल्टावर, म्हणजे उद्या काढावंसं वाटलं तर गाडी होती तशी परत करता आली पाहिजे.

चौकातला उत्तरेश्वर मिस्त्री या नियमांपायी फार वैतागायचा. तो म्हणायचा, "काकू, तुमची गाडी म्हंजी सासूबाई झाली. लुगडं तेच पायजे, अन् आतून गुडघे नवे पायजेत."

"मंग बसव ना गुडघे," वहिनी म्हणायची. "लुगड्याला हात लावू नको."

आणि तो बसवायचा. धारूरच्या घाटात पाणी उकळायचं, म्हणून रेडिएटरमागे एका आजकालच्या छोट्या गाडीचा विजेचा पंखा लावला. त्याचं बटण सिगारेटची राख टाकायच्या वाटीत लपवलं, कारण घरात विडी-सिगारेट कुणीच ओढत नाही. दिव्यांच्या काचा जुन्याच, आतले बल्ब नवे. ब्रेकच्या नळ्या नव्या. सीटचे पट्टे सीटच्याच बोल्टांत अडकवले आणि त्यांना सीटच्या कापडासारख्याच कापडाच्या खोळी वहिनीने हाताने शिवल्या. रंग उडाला तेव्हा रंगारी विचारायला लागला की, नेमका निळा कोणता. तिने समोरचा खण बाहेर काढला आणि त्याच्यामागचा पत्रा दाखवला. तिथे ऊन कधीच पोचलं नव्हतं. "हा निळा," ती म्हणाली. भागवतरावांनी एकदा गाडीत एसी बसवण्याचा विषय काढला. तिने त्यांच्या हातात वाळ्याचा पंखा दिला.

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला सांगितलं की, डोळ्यांना समोरचं नीट दिसतंय, पण बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. आता गाडी चालवू नका. घरी येऊन ती माझ्या ओट्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "भाऊजी, समोरून कोण येतंय इथं? आपल्याकडं म्हशी बाजूनंच येत्यात." आणि हसली. पण त्या दिवशी तिने किल्ली खुंटीला लावली, ती पुढे कित्येक महिने हातात घेतली नाही.

प्रश्न पुढचा होता. गाडी कुणाच्या हाती द्यायची? मुलगा पुण्याला. त्याने सरळ सांगितलं की, गिअर नसलेली गाडी चालवायची सवय झाली, हे स्टेअरिंगवरचं प्रकरण आपल्याला जमणार नाही. राहिली नात, ऋतुजा. पुण्यात मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर. लहानपणी सुट्टीला आली की आजीच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची. कॉलेजात असताना आजीनेच तिला ही गाडी शिकवली, या वेळी दोन्ही अंगांनी. तिच्यासारखी फियाट चालवणारं घरात दुसरं कुणी नाही. वहिनीला मनातून तीच हवी होती. फक्त भीती एकच. शहरात जुन्या गाड्यांना लोक कापडाखाली झाकून ठेवतात, वर्षातून एकदा बाहेर काढतात, फोटो काढतात आणि परत झाकतात. पोरगी तसं करेल का? आणि पोळा?

ऋतुजा आली ती एक बेत घेऊनच. छत्रपती संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. त्यात मूळ रूपातल्या गाड्यांची एक वेगळी रांग असते आणि तिथे उभं राहणं म्हणजे मोठा मान. तिने गाडी आतून-बाहेरून तपासली. आजीने कुठेही नवं भोक पाडलेलं नाही, हे पाहून ती इतकी हरखली की तिने आजीला उचललंच. मग तिचं बोट शिंगांवर आलं.

"आजी, हे तेवढं काढावं लागेल. मूळ गाडीला रंग नव्हता इथं."

"मूळ गाडीला नसंल. आपल्या गाडीला हाय ना."

"पण रांगेत घेणार नाहीत."

"कावून घेणार न्हाईत?"

या प्रश्नाला ऋतुजाकडे उत्तर होतं, पण आजीला पटण्यासारखं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. एक शिंग उतरवून बघायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. ऋतुजा थिनर आणि चिंध्या घेऊन बसली. आम्ही सगळे भोवती. लाल निघाला, त्याखाली हिरवा, मग पुन्हा लाल, मग पिवळा, एका वर्षी हिंगूळ मिळाला नव्हता म्हणून लावलेला दाराचा तपकिरी. एकेक पोळा उतरत गेला. भागवतराव कोणता रंग कोणत्या बैलजोडीच्या वेळचा ते सांगत होते, अगदी ठामपणे, आणि वहिनी प्रत्येक वेळी ते चुकीचं ठरवत होती. आणि मग सगळ्यात खाली चकाकी दिसली. कारखान्यातून निघाली तशीच, एकही डाग नाही, एकही ओरखडा नाही. त्या शिंगात वहिनीचा चेहरा उमटला, अंगठ्याएवढा.

ऋतुजा म्हणाली की, तिने पाहिलेल्या या वयाच्या प्रत्येक गाडीची चकाकी गेलेली असते किंवा नव्याने मुलामा चढवलेला असतो. इथे रंगानेच ती जपली. तिला आता दुसरं शिंगही उतरवायची घाई झाली होती. वहिनीने मान हलवली. ठरलं होतं ते ठरलं होतं.

मेळाव्याची माणसं आधी घरी येऊन गाडी बघतात. ऋतुजाने फोनवर दिवस ठरवून टाकला. दिनदर्शिका कुणी पाहिली नाही. खांदमळणीला उत्तरेश्वर ग्रीसचा डबा घेऊन दारात आला, तेव्हा ऋतुजाने कपाळाला हात लावला. पाहुणे पोळ्याच्या दिवशी येणार होते.

आणि ते आले. रामप्रसादजी नावाचे जालन्याचे निवृत्त इंजिनिअर, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. दुपारची वेळ. गावात हलगी वाजायला लागली होती. फियाटवर झूल चढलेली, काचेला बाशिंग बांधलेलं, एक शिंग लाल, एक चकचकीत. त्यांनी झूल अदबीने बाजूला केली आणि तासभर गाडीखाली, गाडीत, गाडीभोवती काढला. राखेच्या वाटीतलं बटण सापडलं तेव्हा लहान मुलासारखे हसले. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाले की, गाडी सुरेख आहे. आता फक्त इंजिन चालू करून दाखवा, चार पावलं चालवून दाखवा. त्याशिवाय होकार देता येत नाही, आणि उद्या सकाळी त्यांना लातूर गाठायचं आहे.

ऋतुजाने आजीकडे पाहिलं. भागवतरावांनीही पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दोन मिनिटांचा तर सवाल हाय. गाडी काय खरंच बैल हाय का?"

वहिनी आत गेली आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आली. मी रंगभूमीवर मोठमोठे पेचप्रसंग पाहिले आहेत, पण तिथे पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. इथे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ऋतुजाचा हात धरला, किल्ली त्यात ठेवली आणि मूठ मिटवली.

"आजपासून गाडी तुझी," ती म्हणाली. "चालू करायची का न्हाई ते तू बघ. मी काही म्हणणार न्हाई. नंतर बी न्हाई."

आणि ती खरोखरच मागे सरकून कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या हातात चिंधी होती, ती तिने घट्ट पिळून धरली होती. तेवढंच काय ते दिसत होतं.

ऋतुजा गाडीत बसली. उलटं दार ओढून घेतलं. किल्ली लावली. चोक ओढला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पहिली बैलजोडी वळली. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, मोकळ्या अंगाने, मोकळ्या खांद्यांनी. वर्षाचा एकच दिवस असा की त्यांच्या मानेवर काही नसतं. ऋतुजा काचेतून बघत राहिली. मग तिने चोक आत ढकलला, किल्ली काढली आणि खाली उतरली.

"सर, आज तिला सुट्टी आहे," ती रामप्रसादजींना म्हणाली. "मला आधी लक्षात यायला हवं होतं. रांगेत नाही घेतलं तरी चालेल. पण ढकलायला माणूस कमी पडतंय. येता का?"

एवढं बोलून ती थांबली नाही. ओसरीवरून हिंगुळाची वाटी उचलली आणि जे चकचकीत शिंग तिने दोन दिवस घासून उघडं केलं होतं, त्यावर स्वतःच्या बोटांनी रंग लावायला बसली. चकाकी लाल रंगाखाली गेली. कडुनिंबाखाली वहिनीने पिळलेली चिंधी सोडली आणि डोळे पुसले, त्याच चिंधीने, त्यामुळे गालाला ग्रीस लागलं. ते तिला कुणी सांगितलं नाही.

रामप्रसादजींनी दोन्ही चष्मे काढून पिशवीत ठेवले, बूट ओट्याखाली सरकवले आणि बाह्या वर केल्या. नियम नियमच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शिंगं रंगलेली असताना त्या मानाच्या रांगेत गाडी बसत नाही. साध्या रांगेत बसेल, तेही इंजिन ऐकल्यावर. मग म्हणाले, "पण एक सांगतो पोरी. रंगवतच राहा. मुलाम्याची याहून चांगली राखण मी कुठे पाहिली नाही."

मग मिरवणूक निघाली. पुढे मानाचा बैल, मागे जोड्या, मग ट्रॅक्टरवाल्यांच्या घरचे मातीचे बैल ताटात घेतलेल्या बायका, आणि शेवटी फियाट. स्टेअरिंगवर ऋतुजा, मागे ढकलायला उत्तरेश्वर, भागवतराव, जालन्याचे इंजिनिअर आणि मी. माझ्या वयाला ते शोभत नाही, पण समोर हलगी वाजत असताना विंगेत उभं राहणं मला कधी जमलंच नाही. वेशीपाशी चढ आहे. तिथे आम्ही दमलो, तर कुणाकुणाची पोरं, सुना, चहावाला, सगळे येऊन गाडीला भिडले आणि गाडी अशी वर गेली की जणू तिलाच घाई होती. देवळापाशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली, ओवाळलं. ती पोळी मग मानाच्या बैलाने खाल्ली. जेवणं झाल्यावर रामप्रसादजींनी लातूरचा बेत दुसऱ्या दिवशी दुपारवर ढकलला आणि मुक्काम केला, कारण इतक्या पुरणावर त्यांना उठताच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. रामप्रसादजींनी डोळे मिटून इंजिन ऐकलं, जसं गाणाऱ्याने तंबोरा ऐकावा, आणि मान डोलावली. साध्या रांगेतली जागा पक्की झाली. ते लातूरच्या वाटेला लागले आणि आम्ही धर्मापुरीला देवळात जायला निघालो.

वहिनी सवयीने स्टेअरिंगच्या दाराकडे गेली. दाराला हात लावला. मग थांबली, गाडीला वळसा घातला आणि मागे भागवतरावांशेजारी जाऊन बसली. ती त्या सीटवर याआधी कधीच बसलेली नव्हती. मी पुढे, ऋतुजाच्या बाजूला. तेलगावचा चौक मागे पडला. दोन्हीकडे ऊस, वारा आत येत होता, ऋतुजा हात सैल सोडून झकास चालवत होती. सिरसाळ्यापर्यंत मागून एक शब्द आला नाही. मला काळजी वाटायला लागली. मी वळून पाहिलं, तर वहिनी चप्पल काढून, पाय वर घेऊन, खिडकीला डोकं टेकवून ऐसपैस बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारी पेंगणाऱ्या भागवतरावांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली,

"मागं बसायला एवढी मजा असती, अन् ह्या माणसानं इतक्या वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं न्हाई, भाऊजी."